काकडीला सुटलेलं पाणी

४ सप्टेंबर १९७८

निलम्माचं कार्ड आलं. नात गुलबर्ग्याला कॉलेजात गेल्यापासून घरात आवाज नाही, कार्डच काय ते बोलतं.

तिच्या बाईंनी सांगितलंय— न शिकलेल्या माणसाला धडा समजावून सांग. त्याला कळला तर तुला कळला. म्हणून मला धरलं! मी चौथी नापास. मुळं पाणी कशी ओढतात ते लिहिलं होतं. दाट, पातळ, पडदा— तीनदा वाचलं. डोक्यात काही शिरलं नाही.

उत्तर धाडलं: "समजलं." पोरीला वाईट वाटू नये.

१३ सप्टेंबर

कार्ड नाही. ताप तर नसेल?

२१ सप्टेंबर

चाचणीत नेमका मुळांचाच प्रश्न! पंधरापैकी दोन मार्क. "अज्जा, तुम्हाला समजलं, मग मलाच कामून लिहिता आलं न्हाई? कॉलेज माझं काम न्हाई. दसऱ्याला ट्रंक घेऊनच येते."

माझ्यामुळे झालं. शेजारच्या दानम्माने दिलेली भाकरी तशीच आहे. आणि खरं लिहायचं तर— ट्रंक घेऊन येते हे वाचून क्षणभर बरं वाटलं. लाज वाटते.

२२ सप्टेंबर

लिहून टाकलं: "मी खोटं बोललो. काहीच समजलं नव्हतं. माझ्या अकलेला झेपेल असं सांग." पेटीत टाकल्यावर काळजी— पत्ता नीट लिहिला ना? चिडली तर?

३० सप्टेंबर

आलं! "काकडीच्या फोडींना मीठ लावा अन् बसून बघा." बसलो. दानम्मा दारातून म्हणाली, "अण्णा, काकडीपुढं जप करायलाव का?"

फोडी मऊ पडल्या, ताटलीत पाणी! बाहेर मीठ दाट, म्हणून पाणी बाहेर. मुळाच्या आत दाट, म्हणून पाणी आत. लगेच लिहिलं: "आता खरंच समजलं. खारपड रानात पीक कामून वाळतं तेही समजलं."

१४ ऑक्टोबर

दसऱ्याला येऊन गेली. ट्रंक आणली नव्हती.

२७ ऑक्टोबर

कार्ड. "अज्जा, पुन्हा चाचणी झाली, बारा मार्क! आता खोलीतल्या पोरी रोज माझ्याकडून धडा ऐकायल्यात. तुम्हाला तरास न्हाई."

म्हणजे धड्यांची कार्डं बंद. चांगलं झालं. चांगलंच झालं.

७ नोव्हेंबर

काकडी चिरून दानम्माला सगळं सांगितलं. "व्हय अण्णा, समजलं," म्हणत ती उठायला लागली.

"खोटं!" मी म्हणालो. "बसा अक्का. पुन्हा सांगतो."

बसली.