ओहोटीवर मांडलेली लाट

प्रिय धाकटोबा,

चिठ्ठी पाठवून माझ्या गुडघ्यांची चौकशी केलीस, बरं वाटलं. ते कुरकुरतात, पण तोंडावर. तुझी भाची फोन करते, तर मामा कायम बैठकीत. तीन आठवडे चालते ती बैठक नव्हे, यज्ञसत्र. यज्ञ कसला आणि आहुती कुणाची, एवढंच कळेना.

परवा बेटावरच्या गवंड्याने ते उलगडलं. शाळेची जागा तपासायला आपण दोघं होडीने त्या सपाट बेटावर गेलो होतो, आठवतं? त्सुनामीचं पाणी किती चढेल ते मी मांडायचं, इमारत तू आखायची. जुन्या शाळेच्या दाराबाहेर उकिडवा बसून तू चपला मोजल्यास. ब्याऐंशी जोड. ‘ताई, यांना झकास शाळा बांधून देतो बघ,’ म्हणालास. मला तुझा फार अभिमान वाटला होता. बोलले नाही, डोक्यावर बसला असतास.

गवंडी फोनवर म्हणाला, ‘ताई, तुम्ही तर वर्ग खांबांवर चढवा म्हणाला होतात. साहेबांनी जोतं गुडघ्याएवढंच आखलंय. आणि कागदावर सही तर तुमचीच!’

पाण्याचा माझा अहवाल मागवला. शेवटच्या पानावर सही माझीच. सातवं पान मात्र प्रक्षिप्त. मी लाट भरतीच्या पाण्यावर मांडली होती, म्हणून वर्गात पुरुषभर पाणी येत होतं. तू तीच लाट ओहोटीवर मांडलीस आणि पाणी घोट्यापर्यंत उतरवलंस. त्सुनामी पंचांग बघून निघते, हे मला नवीनच. चूक म्हणावी, तर नेहमी भरतीच धरायची हे मीच तुला शिकवलं, माझ्या स्वयंपाकघराच्या टेबलावर. शाळा वर्षाच्या आत उभी करतो, असा शब्द देऊन बसला होतास आणि खांबांपायी ती लांबली असती, एवढंच ना? मला एकदा विचारायचंस. मी नाही म्हणेन हे ठाऊक होतं, म्हणून विचारलं नाहीस. नाव तेवढं वापरलंस. सख्ख्या बहिणीचं. हे गिळायला जड जातंय रे.

आता लिहिण्याचं कारण. सोमवारी दहाला मूळ पान घेऊन मी बांधकाम मंजुरीच्या कचेरीत जाणार आहे. तुझी सनद जाईल, कदाचित. माझ्याआधी जाऊन स्वतः कबूल केलंस, तर वाचेलही. गवंड्याला मी काम थांबवायला सांगितलंय. माझ्या शब्दावर त्याने थापी खाली ठेवली. जोतं काही पुढे जाणार नाही. माझ्या अर्जात ‘काम कुणी थांबवलं’ एवढी जागा तुझ्या नावासाठी मोकळी सोडली आहे.

अजून तरी तुझीच,
ताई