तेल्हाऱ्याच्या अपूर्ण सामन्याचा निकाल लावणेबाबत

प्रति,
मा. स्पर्धा सचिव,
वऱ्हाड विभागीय फुटबॉल मंडळ,
अमरावती.

विषय : महिला विभागीय चषकातील तेल्हारा येथील अपूर्ण सामन्याचा निकाल लावणेबाबत.
संदर्भ : याच विषयावरील आमचे आधीचे अर्ज व आपल्या कार्यालयाची उत्तरे.

महोदय,

मी तेल्हारा येथील नवज्योत महिला फुटबॉल क्लबची प्रशिक्षक असून याच विषयावर पुन्हा अर्ज करीत आहे. आधीच्या अर्जांत जे मागितले ते आता मागत नाही. म्हणून हा अर्ज जुन्या फाइलीला जोडण्यापूर्वी एकदा शेवटपर्यंत वाचावा.

आमच्या क्लबमधील बहुतेक मुली भाजीपाला पिकवणाऱ्या घरांतल्या आहेत. सकाळी वांगी, मेथी बाजारात पोहोचवून मग सरावाला येतात. लीगमध्ये आम्ही खालच्या गटात असल्याने आमच्यासारख्याच क्लबांशी खेळतो व ते सामने पाहायला मुलींच्या घरचेही येत नाहीत. मोठ्या क्लबाशी गाठ पडते ती फक्त चषकात, तशी चिठ्ठी निघाली तर. गेल्या एप्रिलमध्ये ती निघाली. लीगचा विजेता, अमरावतीचा रणरागिणी फुटबॉल क्लब आमच्या मैदानावर खेळायला आला. त्यांनी आपल्या निम्म्या खेळाडूंना विश्रांती दिली होती. चषक म्हणजे लीगच्या मधे येणारी अडचण, असे त्यांचे मत होते. ते त्यांनी लपवले नाही व आम्हांस त्याचा रागही नाही. आमच्याकडे मात्र त्या दिवशी बाजार लवकर उठला. मुलींच्या हाफपँटला नावे ठेवणारी मंडळीही मैदानाकडेच्या कडुलिंबाखाली येऊन बसली होती.

सामना एक-एक असा बरोबरीत होता. आमचा गोल कर्णधार शालू हिने केला. उत्तरार्धात आमची गोलरक्षक प्रतीक्षा निमकर्डे हिने पेनल्टी अडवली. त्यानंतर थोड्या वेळाने पंच नत्थुजी काका उन्हाने चक्कर येऊन मैदानातच पडले. दोन्ही संघांच्या मुलींनी त्यांना उचलून सावलीत आणले. प्रतीक्षाची आई गंगूबाई यांनी त्यांच्या डोक्यावर ओला दुपट्टा ठेवला. काका बरे झाले, पण दुसरा पंच नव्हता, म्हणून सामना थांबला. यात कोणाचीच चूक नाही. उरलेला खेळ पुढील तारखेस होईल, असे आपल्या कार्यालयाने कळवले.

ती तारीख आली नाही. जूनमध्ये मोठ्या क्लबांच्या विनंतीवरून मंडळाने चषक स्पर्धाच बंद केली. आम्ही तारीख मागितली, तेव्हा स्पर्धा बंद झाल्याने सामना घेता येत नाही, असे उत्तर आले. मग लीगच्या नव्या हंगामासाठी नोंदणी पाठवली, ती परत आली. कारण असे की, सामना अपूर्ण असल्याने आमच्या खेळाडू अद्याप चषकात गुंतलेल्या आहेत. रणरागिणीची नोंदणी आधीच झालेली असल्याने त्यांना ही अडचण नाही. मी स्वतः अमरावतीस आले. आपल्या कार्यालयातील साहेबांनी चहा दिला आणि दोन्ही उत्तरे नियमानुसारच असल्याचे समजावून सांगितले. बंद पडलेल्या स्पर्धेत आम्हीच काय ते उरलो असू, तर आम्हांस विजेते तरी घोषित करा, असे मी थकून म्हणाले. त्यावर त्यांनी उपांत्य फेरी झालेली नसल्याचे माझ्या निदर्शनास आणून दिले.

यानंतर रणरागिणीचे प्रशिक्षक कुलदीप सर तेल्हाऱ्यास आले. त्यांच्या गोलरक्षकाचा गुडघा गेला असून त्यांना प्रतीक्षा हवी आहे. अमरावतीत तिच्या राहण्याची व कॉलेजची सोय क्लब करणार आहे. ते म्हणाले, "चषक नको म्हणणाऱ्यांत मीही होतो, मॅडम. पण लीगमध्ये ही पोरगी आम्हाला कधी दिसलीच नसती." चषकाचा उपयोग काय, असे मंडळाने मागे विचारले होते. माझ्याकडे याहून चांगले उत्तर नाही.

परंतु चषकात गुंतलेल्या खेळाडूला क्लब बदलता येत नाही. आपल्या कार्यालयाने मार्ग सुचवला की, नवज्योतने माघार घेतल्याचे लिहून द्यावे, म्हणजे सामना निकाली निघेल. खेळाडू बदलण्याची मुदत या महिन्याअखेर संपते. मी मुलींना मैदानावर बसवून हे सांगितले. सर्वांत आधी प्रतीक्षाच म्हणाली, "आपुन मैदान सोडून गेलोच नाई मॅडम, तं माघार काहून लिवाची? मले नाई जाचं अमरावतीले."

शालू तिच्या शेजारी बसली होती. तिच्या त्या गोलाची गोष्ट बाजारात अजून निघते, हे मी जाणते. ती म्हणाली, "हरलो असं लिवा. खेळून हरलो म्हना, अन् हिले जाऊ द्या."

त्यावर बाकीच्या मुलींनी होकार दिला. मी त्यांना घरी पाठवले आणि एकटीच मैदानावर बसून राहिले. त्यांना पाच वर्षे शिकवले, पण असे काही मागण्याची वेळ येईल, असे वाटले नव्हते.

सबब विनंती की, सदर सामन्यात नवज्योत क्लबला पराभूत घोषित करावे. गोल किती झाले ते कार्यालयाच्या सोयीने लिहावे, आमची हरकत राहणार नाही. त्या आधारे प्रतीक्षा निमकर्डे हिला अमरावतीस जाण्याची परवानगी व उरलेल्या मुलींना लीगमध्ये प्रवेश द्यावा. चषक पुन्हा सुरू करण्याचा विचार झाल्यास आम्ही येऊ. मात्र आदेशात 'माघार' हा शब्द कोठेही येऊ नये.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी,

साधना उमाळे
प्रशिक्षक, नवज्योत महिला फुटबॉल क्लब
तेल्हारा, जि. अकोला
दिनांक : १७ नोव्हेंबर २०२५

सोबत : पराभव मान्य असल्याबाबत खेळाडूंचे सह्यांनिशी संमतिपत्र. त्यावर गोलरक्षकाची सही नाही. ती घेण्याचा आग्रह मी धरलेला नाही.