वारा नसताना हलणारं गवत

तीर्थस्वरूप वन्संना,

हातातला विळा बाजूला ठेवून, पदराला हात पुसून केलेला नमस्कार पोचावा. (विळ्याचं काय ते पुढे येईलच.) भावोजींचा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून प्रत्येक पायरीशी भांडतात का? तुमची कोरडी ढास थांबली असेल. रोज देवापुढे दिवा लावताना तुम्हा दोघांचं नाव घेते, त्यात गुडघा कोणाचा आणि ढास कोणाची हे नीट फोड करून सांगते. देवाला सगळं कळतं हे खरं, पण त्याच्यामागेही कामं काय कमी आहेत? इकडे सगळे खुशाल. सासूबाईंची भूक चांगली आहे, झोप चांगली आहे, कान मात्र आता अगदीच मिटले. मागे मोठ्यानं बोललेलं निम्मंशिम्मं त्यांच्यापर्यंत पोचायचं. आता मोठ्यानं बोललेलं फक्त शेजाऱ्यांपर्यंत पोचतं.

पत्र लिहायचं कारण म्हणजे तक्रार, आणि ती तुमच्याविरुद्ध तुमच्याकडेच करावी लागते आहे. मागल्या खेपेला तुम्ही आलात तेव्हा जाता जाता मागच्या दाराबाहेर, सासूबाईंच्या खिडकीखालच्या मातीच्या पट्टीत, पिशवीतून काहीतरी भुरभुरलंत आणि "बघच आता काय येतं ते" एवढं म्हणून रिक्षात बसलात. मला बाई वाटलं, फुलं असतील. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारी नणंद, ती काय साधंसुधं देणार आहे? रोज भाजी धुतलेलं पाणी आठवणीनं घातलं. आणि वर आलं काय, तर गवत. वन्सं, गवत हे फुकट मिळतं. ते कोणी पिशवीतून आणतं का? मी आपली समजले की तुमची फुलं मागून येतायत आणि हे मधे घुसलेलं तण आहे, म्हणून खुरपं घेऊन बसले आणि चांगली वावभर, दोन हात पसरावेत एवढी, जागा साफ केली. जे एक रुंद पानांचं रोप तेवढं जपून ठेवलं, त्याला काठीचा आधार दिला, त्यालाच तण म्हणतात हे मला दूधवाल्यानं सांगितलं. माझं शिक्षण मॅट्रिकपर्यंतचं. आमच्या शास्त्राच्या पुस्तकात गवताला अर्धं पान होतं, आणि त्यातलाही बराचसा भाग गाईच्या चित्रानं खाल्ला होता.

जे उरलं ते वाढलं. एकाला सशाच्या शेपटीसारखा मऊ पांढरा गोंडा आला. (येताजाता हात फिरवावासा वाटतो, मी फिरवत नाही.) एकाला सातूसारखी लांब कुसळांची लोंबी आली, आणि ती जात तर निव्वळ हलकट. दोरीवर वाळत घातलेल्या मोज्यांत शिरते आणि एकदा शिरली की वरवरच चढते, खाली यायचं नाव नाही. तुमचे बंधू कचेरीत खुर्चीवर टेकले आणि ताडकन उभे राहिले. त्याच क्षणी मोठे साहेब दारातून आत येत होते. त्यांना वाटलं, केवढा हा मान. तेव्हापासून साहेब ह्यांच्याकडे बघून हसतात, आणि ह्यांना ते आत आले की दरवेळी तसंच ताडकन उठावं लागतं, कुसळ असो वा नसो.

पण खरी गंमत तिसऱ्या गवताची. ते तुम्ही मुद्दाम आणलं असणार. केसाएवढी बारीक काडी, तिला फुटलेले त्याहून बारीक धागे, आणि प्रत्येक धाग्याच्या टोकाला नखाएवढं, खवल्याखवल्यांचं, कानातल्या डुलासारखं काहीतरी लोंबतंय. आणि वन्सं, ते हलतं. सकाळी हलतं, दुपारी हलतं, आपण बघत असलो तर हलतं आणि बघत नसलो तरी हलत असणार. आम्ही त्याचं नाव थरथर ठेवलंय. शास्त्रात काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक.

आता इथे कोब्याचं सांगायला हवं. त्या पट्टीतल्या चिखलानं माझा जीव किती मेटाकुटीला येतो ते तुम्ही पाहिलंच आहे. तिथे सिमेंटचा कोबा करून द्या म्हणून मी तीन वर्षं घरमालकांच्या मागे आहे. स्वतः गेले, ह्यांना पाठवलं, पुन्हा ह्यांना पाठवलं. हे म्हणायचे, अगं असू दे ना माती. मी म्हणायचे, पाय कोण धुतं घरातले? शेवटी एकदाचे घरमालक विरघळले. महिनाअखेरीला गवंडी येणार हे ठरलं आहे, वाळू फाटकाशी येऊन पडली आहे, मांजर तिच्यावर बसून हिशेब तपासल्यासारखी रस्त्याकडे बघत असते. म्हणजे तुमचं हे गवत आता महिनाअखेरीपर्यंतचंच. मी तर सुटले म्हणायची.

तर आता उन्हाळ्यात काय झालं ते सांगते, म्हणजे तक्रार रास्त आहे हे तुम्हाला पटेल. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते थरथर समोरच दिसतं. मी घरात नियम केला, की पंख्याच्या बटणाला हात लावण्याआधी बाहेर बघायचं. गवत हलत असेल तर वारा आहे, आणि बाहेर देवाचा वारा असताना विजेचा वारा विकत घेणं म्हणजे देवाचा अपमान आणि पैशाचाही. नियम सोपा होता. दुपारी जेवून तुमचे बंधू बटणाकडे जात, मी खिडकीकडे बोट दाखवी, ते बघत, गवत हलत असे, ते परत येऊन बसत. असा अख्खा उन्हाळा गेला. सगळ्यांना घाम यायचा, पण वारा आहे हे डोळ्यांना दिसत असल्यामुळे तक्रार कोणाजवळ करायची? ह्यांना वाटायला लागलं की आपल्याच शरीरात काही बिघाड आहे. ते डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी विचारलं, घरी हवा खेळती आहे ना? हे म्हणाले, दिवसभर वारा असतो हो, थांबतच नाही. डॉक्टर गंभीर झाले, आणि रक्त तपासायला सांगितलं. (रक्त उत्तम निघालं. ते मला आधीच माहीत होतं, पण माझ्या सांगण्यावर कोण विश्वास ठेवतो?)

मग एके दुपारी मी दोरीवरचे कपडे काढायला मागे गेले. शेजारच्या आवारातलं झाड चित्रासारखं उभं होतं, एक पान हलेना. चादरी दोरीवरून सरळ खाली. धुराड्याचा धूर सुद्धा खांब रोवल्यासारखा वर चाललेला. आणि खाली ते गवत आपलं हलतंय. मी वाकले. मग उकिडवी बसले. मला वाटलं माझ्या श्वासानं हलत असेल, म्हणून मी श्वास कोंडला. तरी हलतंय. शेकडो डूल, प्रत्येक आपापल्या नादात, पण सगळे मिळून एकाच कुठल्यातरी गोष्टीला होकार दिल्यासारखे. त्यांच्या सावल्या भिंतीवर, त्याही हलतायत, पण जरा मागून, लहान मुलं मोठ्यांच्या पाठोपाठ प्रार्थना म्हणतात ना, तशा. वन्सं, मी जपाला बसते तेव्हा मन एका जागी यायला मला किती खटपट पडते, आणि तिथे चादरी खांद्यावर टाकून मी किती वेळ बसले कोण जाणे. मन आलंही नाही नि गेलंही नाही. घरात आले तर आमटीचं पातेलं लागलेलं. (पातेलं राखेनं घासून निघालं, काळजी नसावी.) पंख्याचा नियम त्या दिवशी मी गुपचूप मागे घेतला. कारण सांगितलं नाही. बाईनं घरात नियम मागे घ्यावा, कारण देऊ नये, नाहीतर पुढचा नियम कोणी पाळत नाही.

आता सासूबाईंचं. तुमची आई आहे, तुम्हाला सांगायलाच हवं. कान गेल्यापासून त्या बोलेनाशा झाल्या होत्या. दोष कोणाचाच नाही. कोणी हसलं की त्या विचारायच्या, काय झालं? आम्ही एकदा सांगायचो, दोनदा सांगायचो, आणि तिसऱ्यांदा हात उडवून म्हणायचो, काही नाही. ज्याला ऐकू येत नाही त्याला घरात दिवसभरात सगळ्यात जास्त ऐकावं लागतं ते हे "काही नाही". मग त्यांनी विचारणंच सोडलं. भिंतीकडे तोंड करून पडायच्या. त्यांनी खाट खिडकीशी सरकवायला लावली तेव्हा मला वाटलं उजेडासाठी असेल. पण परवा मी खोलीत केर काढायला गेले तर त्या खिडकीच्या गजांना कपाळ लावून बोलत होत्या. आवाज किती ठेवायचा हे आता त्यांना उमगत नाही, त्यामुळे गुपित सुद्धा चांगलं खणखणीत सांगतात. लहानपणच्या कुठल्याशा विहिरीचं सांगत होत्या, मग माझ्याबद्दलही काहीतरी सांगितलं, ते मी लिहीत नाही. आणि खाली ते थरथर मान हलवतंय. हो म्हणतंय की नाही म्हणतंय, ते ज्याचं त्यानं ठरवायचं. थांबून, पूर्ण ऐकून, मान हलवणारं असं घरात दुसरं कोण आहे? मी खांद्याला हात लावला तेव्हा त्या दचकल्या नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाल्या,

"हे मला ऐकू येतं गं."

मी झुकून खिडकीबाहेर कान दिला. माझे दोन्ही कान शाबूत आहेत. मला काही ऐकू आलं नाही. पण मी मान हलवली. मग त्यांनी मला बसवून घेतलं आणि विहिरीचं पहिल्यापासून सांगितलं. केर अर्धा तसाच राहिला.

असो. तर आज सकाळी मी विळा घेऊन मागे गेले. म्हटलं, गवंडी तुडवणारच आहे, त्यापेक्षा आधीच कापून ठेवावं. हे थरथर वाळलं तरी वर्षभर तसंच राहतं म्हणे, देवापुढच्या फुलदाणीत घातलं तर फुलांचा रोजचा खर्च वाचेल. पहिली मूठ हातात धरली. मुठीत आल्यावर सुद्धा ते बोटांच्या मधून हलतच होतं, चिमणीचं पिल्लू धरल्यासारखं. वर बघितलं तर खिडकीत सासूबाई. त्यांना कोब्याचं माहीत नाही. (आम्ही त्यांना "काही नाही" असंच सांगितलं होतं.) त्यांना वाटलं मी गवताशी बोलायला आले. त्या आनंदानं हसल्या आणि आपली पाळी झाल्यासारखं जरा मागे सरकल्या, मला जागा द्यायला. मग मला आठवलं की तुम्हाला कधीचं पत्र लिहायचं राहिलंय, म्हणून आत आले.

तर अशी ही सगळी कैफियत. तुम्ही चार दाणे भुरभुरून गेलात आणि इथे माझे पाय चिखलात, ह्यांचं रक्त तपासणीला, मोजे कामातून गेलेले. कोबा झाला की एकदा झाडून घेतलं की झालं, घर कसं स्वच्छ. तुमचे बंधू तेवढे तोंड पाडून वाळूकडे बघतात, पण तीन वर्षं मीच पाठपुरावा केल्यामुळे बोलायची सोय नाही. भावोजींना नमस्कार. गुडघ्याला शेक द्या, पंख्याखाली बसू देऊ नका.

तुमची आज्ञाधारक,
धाकटी वहिनी

ता. क. : एक बारीकसं काम होतं. आमचे घरमालक शाळेत तुमच्या वर्गात होते, आणि अजूनही तुमचं नाव निघालं की शर्टाचं वरचं बटण लावतात. तर त्यांना तुम्ही एक कडक पत्र घालावं, की त्या पट्टीत कोबा अजिबात करू नये. कारण काहीही द्या, शास्त्रातलं द्या, कोणाला कळणार आहे? आणि ह्यांनाही वेगळं लिहा, चांगलं रागावून. मी तुमच्या पत्रावर चिडेन, दोन दिवस भांडी आपटेन, नणंदांना दुसऱ्याच्या घरात फार नाक खुपसायला लागतं असंही म्हणेन. ते मनावर घेऊ नका. तीन वर्षं मागितलेली गोष्ट मीच नको म्हटली, तर तुमचे बंधू मला जन्मभर चहाबरोबर ते ऐकवतील. हे पत्र वाचून फाडून टाका. (पाठची कोरी बाजू वापरायची असेल तर आधी ही बाजू खोडा.)

ता. क. २ : मी खुरपून टाकलेली वावभर जागा बोडकी दिसते. थरथरची ह्याहून मोठ्या डुलांची एखादी जात असली तर थोडं बी पत्रातच घालून पाठवा, तेवढ्यानं वजन वाढत नाही.

ता. क. ३ : पाकीट चिकटवता चिकटवता फाटकाचा आवाज आला. पाहते तर गवंडी, दुसरीकडचं काम मोडलं म्हणून आधीच आलेला, घमेलं आणि थापी घेऊन थेट मागच्या बाजूला निघाला होता. हे कचेरीत. मला दुसरं काही सुचेना. मी ओठांवर बोट ठेवलं आणि म्हटलं, आज नको, आतल्या आजी आत्ताच झोपल्यात, जरा खुट्ट झालं तरी जाग्या होतात. बिचारा भला माणूस. ठरल्याप्रमाणे महिनाअखेरीलाच येतो असं कुजबुजत म्हणाला, चपला काढून हातात घेतल्या आणि घमेलं पोटाशी धरून चवड्यांवर चालत गेला. सासूबाई खिडकीत टक्क जाग्या होत्या. त्यांनी त्याला हात सुद्धा केला. तेव्हा वन्सं, उत्तर लवकर लिहा, पुढच्या वेळी त्या झोपल्यात हे त्याला पटायचं नाही.