लाल दोरा, पांढरा दोरा

धुळे,
ता. ८ डिसेंबर १९५५

ती. सौ. बेबाअक्का हीस,
धाकट्या कुंदाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

अक्का, आधी तुझ्यावर चिडून घेते, मग बाकीचं सांगते. दिवाळीला मी असोद्याला आले होते, तेव्हा तू माझ्या चिंध्याच्या कानात लसणाचं तेल सोडलं. सोडलं ते सोडलं, पण लसूण गाळून घ्यायचा होता का नाही? काल इथल्या कानाच्या डॉक्टरनं कपाळाला आरसा बांधून आत पाहिलं आन् चिमट्यानं लसणाचा काळा तुकडा बाहेर काढला. कंपाउंडर म्हणे, बाई, पोराच्या कानात भरीत लावलं होतं काय? बाकावरच्या बठ्ठ्या, एकूणएक बाया हसल्या. मी पण हसले असते, पण पोरगा माझा होता.

कान अजून वाहतो. आता वास येतो. डाव्या अंगानं हाक मारली तर चिंध्या वळून बघत नाही. मला वाटायचं साडेतीन वर्षांचं पोर आहे, हट्ट करतं. डॉक्टर म्हणे हट्ट नाही, पडद्याला भोक पडलंय. पू असाच राहिला तर कानामागच्या हाडात शिरंल, मग तिथं कापावं लागंल. अक्का, पहिला गेला म्हणून ह्याचं नाव चिंधा ठेवलं, की चिंधी कोणी उचलून नेत नाही. आन् हा माणूस त्यालाच कापायचं बोलतो.

आता पुढचं ऐक. डॉक्टर मुंबईला शिकून आलाय आन् कानाच्या औषधांचा त्याचा एक तपास चालू आहे. थेंबाची दोन औषधं आहेत, एक जुनं, एक नवीन निघालेलं. कोणतं चांगलं ते त्यालाच ठाऊक नाही. चिठ्ठी उचलायची, निघंल ती बाटली घ्यायची. एकीच्या गळ्यात लाल दोरा, एकीच्या पांढरा. कुठल्या दोऱ्याला कुठलं औषध हे फक्त कंपाउंडरला माहीत. डॉक्टर म्हणे मी मुद्दाम जाणून घेत नाही, नाहीतर माझे डोळे नव्याचीच बाजू घेतील. मी ह्यांना म्हटलं, जो डॉक्टर आपण काय देतो ते जाणत नाही तो कसला डॉक्टर! हे म्हणे, आमच्या कापसाच्या जिनमधला साहेबसुद्धा ह्याच्याकडेच जातो. मग मी चिठ्ठी उचलली.

आम्हाला लाल दोरा निघाला. आमच्या चाळीतल्या तानुबाईच्या भागीला पांढरा. भागीचाही कान वाहतो.

दाजींना नमस्कार. रागावू नको. माया आहे तशी राहू दे.

तुझी
कुंदा

~

असोदे,
ता. १५ डिसेंबर १९५५

चि. सौ. कुंदा हीस,
अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

मी सांगते आणि तुझे दाजी लिहितात. जसं सांगते तसंच लिहा असं मी त्यांना बजावलं आहे.

लसूण माझा नव्हताच. असला तरी पोराच्या कानात तो नेऊन बसवला असंल तुझ्या धुळ्याच्या हवेनं. आमच्या असोद्यात सगळ्या पोरांच्या कानात तेल पडतं, कोणाच्या कानातून भरीत निघालं नाही. त्या कंपाउंडरला म्हणावं, एकदा इकडं ये, खरं भरीत कसं असतं ते दाखवते.

कुंदे, दोन औषधं असली तर एक चांगलं असणार आणि एक वाईट. सरळ आहे. मग वाईट कोणाच्या वाट्याला येणार? गरिबाच्या. लाल दोरा म्हणजे मला तर काही बरा दिसत नाही. लाल तर नजर लागू नये म्हणून बांधतात, म्हणजे त्यात काहीतरी असणार. तू नीट बघत जा, त्या तानुबाईच्या पोरीचा कान कसा आहे. आधी तिचा सुकला तर समज.

पहूरच्या भिकुबाईला कानाचं कळतं, ती फुंकर घालते. पोराला घेऊन ये.

(कुंदा, हे मी रतिलाल माझ्या मनानं लिहितो. ती चूल बघायला आत गेली आहे. पहूरला जाऊ नको. फुंकरीनं पू सुकला असता तर डॉक्टरनं चिमटा कशाला घेतला असता? त्याचं ऐक. आली ती.)

पोराला गोड पापा. जीवाला जप.

तुझी
अक्का

~

धुळे,
ता. २ जानेवारी १९५६

ती. सौ. अक्का हीस,
कुंदाचा नमस्कार. वि. वि.

तू म्हणाली तसंच झालं. भागीचा कान सुकला. चिंध्याचा तसाच वाहतो, उशी रोज धुते. मी तानुबाईच्या दारावरून जाताना भागीच्या कानाकडं बघते आन् मला माझीच लाज वाटते. दुसऱ्याची पोर बरी झाली तर आपण का जळावं? पण जळत होते.

परवा नळावर हंडा भरता भरता मला रडू फुटलं. तानुबाई मागंच होती. ती साक्रीकडची, अहिराणी बोलते, आपण आहे म्हणतो तिथं तिचं बठ्ठं शे-शे असतं, आन् आवाज असा की नळावरची रांग मागं सरते. मला विचारलं काय झालं. मी सांगितलं की तुझं पांढरं चांगलं निघालं, माझं लाल फसलं. तिनं आपला हंडा खाली ठेवला. मग म्हणे, येडी शे का तू, विरजण मागतेस तेव्हा रडतेस का? घरी वाटी घेऊन ये.

अक्का, मी गेले. तिनं आपली बाटली वाटीत रिकामी केली, मी माझी केली, चमच्यानं हलवलं आन् दोघींनी अर्धं अर्धं भरून घेतलं. तिच्या पोरीचं बरं चाललेलं औषध, आन् तिनं माझ्या पोरासाठी त्यात वाईट मिसळू दिलं. सख्खी बहीण करती का गं? (तू केलं असतं. लसूणही टाकला असता.)

आता दोन्ही पोरांना सारखं. मला त्या दिवसापासून झोप लागते.

येते आता, दूध उतू जाईल. आठवण असू दे.

तुझी
कुंदा

~

असोदे,
ता. ९ जानेवारी १९५६

चि. सौ. कुंदा हीस,
अ. आ. वि. वि.

तुझं पत्र ह्यांनी वाचून दाखवलं, मी दोनदा ऐकलं. मला वाटलं तू धुळ्याला जाऊन भोळीच राहिली. आता म्हणते, माझी बहीण शोभते. तानुबाईला माझ्याकडून एक केळीचा घड, कोणी येणारं निघालं की पाठवते. विरजणाचं डोकं चांगलं चाललं तिचं. डॉक्टरला जे जमलं नाही ते दोन बायांनी वाटीत केलं.

(कुंदा, हात जोडून सांगतो. हे ती सांगत नाही, मी लिहितो. ती बघते आहे, पण तिला वाचता येत नाही, म्हणून मी तोंड तिच्याकडं ठेवून लिहितो. मागल्या साली मी अर्ध्या वावरात नवी सरकी लावली, अर्ध्यात जुनी. मजुरांनी दोन्ही एकाच पोत्यात ओतली असती तर कोणती चांगली हे मला देवानंही सांगितलं नसतं. तू त्या डॉक्टरचं वावर बुडवलं. आणि मिसळल्यावर औषध बिघडलं असलं तर? उद्या सकाळी जाऊन सांग.)

हे फार वेळ लिहितात. मी एवढं सांगितलं नव्हतं. काय लिहिता म्हटलं तर म्हणे केळीच्या घडाचा पत्ता. पोराला पापा.

तुझी
अक्का

~

धुळे,
ता. २० जानेवारी १९५६

ती. सौ. अक्का हीस,
कुंदाचा नमस्कार. वि. वि.

दाजींचं पत्र आलं तेव्हा उशीर झाला होता. मी सांगायच्या आधीच पकडले गेले. तानुबाईबरोबर बाटली घेऊन गेले तर कंपाउंडरनं ती उजेडात धरली. आत ताक झालं होतं! दोन औषधं एकमेकांना मानवली नाहीत, पांढरा चोथा खाली बसला. त्यानं विचारलं, बाई, ह्यात काय टाकलं. मी भीतीनं तानुबाईकडं बघितलं. आन् ती, बघ कशी बाई, पदर खोचून उभी राहिली नी म्हणे, मी सांगितलं हिला, मन्हा गुन्हा शे.

डॉक्टर लालबुंद झाला. नुकसान झालं नाही हे नशीब म्हणे. मग त्यानं बाकावरच्या सगळ्या बायांना विचारलं, आणखी कोणी वाटून घेतलं काय? कोणी बोललं नाही. पण एकीनं पदर तोंडाला लावला, दुसरी छताकडं बघायला लागली, तिसरीचं पोरच म्हणालं, आई, आपण ना! डॉक्टर खुर्चीत बसला तो बसलाच. आता म्हणे तपास पहिल्यापासून, आन् लाल दोऱ्याच्या बाया सोमवारी, पांढऱ्याच्या शुक्रवारी. एकमेकींचं तोंड दिसायला नको.

आम्ही दोघी तपासातून बाद. म्हणून कंपाउंडरनं बाजूला नेऊन, डॉक्टरला ऐकू जाणार नाही असं, आम्हाला गुपित फोडलं. अक्का, हस नको. नवीन औषध लाल दोऱ्याचं होतं. माझंच. मी माझं नवीन वाटून दिलं आन् जुनं मागून घेतलं.

मग चिंध्याचा का सुकला नाही, असं मी डॉक्टरला विचारलं. तो म्हणे, आंघोळ कशी घालता? मी म्हटलं, घालतात तशी, डोक्यावरून तांब्या. तानुबाई पोरीच्या कानात तेलात भिजवलेला कापसाचा बोळा घालते, मग पाणी ओतते. मी रोज थेंब टाकत होते आन् रोज धुवून काढत होते. अक्का, माझा नवरा जिनात काम करतो! घरी येतो तेव्हा मिशीलासुद्धा कापूस असतो. आन् माझ्या पोराच्या कानाला बोळा नाही.

आता डॉक्टरनं कापसाची वात करून कान टिपायला शिकवलं, दिवसातून किती तरी वेळा, आन् वर नवे थेंब. पण मागच्या हाडाला दाबलं की चिंध्या ओरडतो. होळीपर्यंत सुकलं नाही तर कापायचं, असं तो बोलला. रागानं नाही बोलला. म्हणून मला जास्त भीती वाटली.

देवापुढं माझ्या वाटचा दिवा लाव.

तुझी
कुंदा

~

असोदे,
ता. २७ जानेवारी १९५६

चि. सौ. कुंदा हीस,
अ. आ. वि. वि.

दिवा लावला. रोज लावते.

लसूण माझाच होता. दुसरं काही सांगायचं नाही. कापायचं ठरलं तर कळव, मी त्याच दिवशी मोटारीत बसते. तुझ्या दाजींना म्हटलं, वावर राहू द्या, मला धुळ्याला नेऊन सोडा. ते लगेच हो म्हणाले, त्यावरून मला जास्त धास्ती वाटली.

वात नीट कर. बोळा विसरू नको. केळी तानुबाईलाच दे, तू खाऊ नको.

तुझी
अक्का

~

धुळे,
ता. २९ मार्च १९५६

ती. सौ. अक्का आन् ती. दाजी ह्यांस,
कुंदाचा दोघांना एकदमच नमस्कार. वि. वि.

मोटारीत बसू नको. आधी हे वाच.

होळी झाली तसं डॉक्टरनं बोलावलं. सकाळी चिंध्याला धुतलेला सदरा घातला. हे कामावर गेले नाहीत. तानुबाईनं स्वतःचं काम टाकलं नी आली, भागीला कडेवर घेऊन. वाटभर कोणी बोललं नाही, तानुबाईसुद्धा नाही, तेव्हा समज.

डॉक्टरनं आत पाहिलं. खूप वेळ पाहिलं. कान कोरडा, मागचं हाड दुखत नाही, भोक बारीक झालंय, इतकं बोलला. पण ऐकू किती येतं ते बघायचं राहिलं होतं. त्यानं चिंध्याला समोर घेतलं, चांगल्या कानात स्वतःचं बोट घट्ट घातलं नी कंपाउंडरला मागून हळूच नाव घ्यायला सांगितलं. चिंध्या ढिम्म. पुन्हा घेतलं. ढिम्म. ह्यांनी भिंतीचा आधार घेतला.

मी डाव्या अंगाला मागं उभी होते. भीती वाटली की मला काही तरी बडबडावंच लागतं, तुला माहीत आहे. मी तानुबाईच्या कानाशी लागून, अगदी बारीक आवाजात म्हटलं, की हा लोकांचे नाक-कान बघतो, पण स्वतःच्या नाकात केसांचं केवढं जंगल आहे बघ.

आन् चिंध्या डॉक्टरच्या तोंडाकडं बघून मोठ्यानं म्हणाला, की ह्याच्या नाकात जंगल आहे, आई म्हणते.

अक्का, भुई फाटावी असं झालं. कंपाउंडरनं भिंतीकडं तोंड केलं, त्याचे खांदे हलत होते. डॉक्टर हलला नाही. त्यानं चांगल्या कानातलं बोट काढून बघितलं, जसं काही बोटच खोटं बोलत होतं. मग विचारलं, हे आईनं कुठं उभं राहून म्हटलं? चिंध्यानं डावीकडं हात दाखवला. मग नाव घेतल्यावर का बोलला नाहीस रे? तर म्हणे, त्यानं नुसतं नाव घेतलं, काही विचारलंच नाही.

डॉक्टर उठला आन् कंपाउंडरला म्हणाला, कात्री आण. मी चिंध्याला ओढून पोटाशी धरलं नी म्हटलं, साहेब, बोलले ते मी बोलले, पोराला काही करू नका. तानुबाई पुढं झाली. हे पुढं झाले.

कात्री आली. डॉक्टर ती घेऊन खिडकीशी गेला, आमच्याकडं पाठ केली नी स्वतःच्या नाकातलं जंगल कापायला लागला. कापता कापता म्हणे, बाई, पोराला घरी न्या, दुसरं काही कापायचं नाही.

तुम्हा दोघांची माया अशीच राहो.

तुमची
कुंदा