उतरजाईचं वजन

पोलादपूर,
बुधवार, १४ मे २०२५

प्रिय इनायत,

सलाम. अम्मींना माझा नमस्कार सांग. त्यांच्या गुडघ्यांना आता आराम असेल.

पत्र पाहून हसशील. मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवणारा माणूस महाडला पत्र पाठवतो, आणि तेही एसटीच्या कंडक्टरच्या हाती. पण तू माझा नंबर ब्लॉक केला आहेस. दोनदा तुझ्या दुकानापर्यंत येऊन परत गेलो. दुसऱ्या वेळी तू आत मोटारीचं वाइंडिंग भरत बसला होतास, तांब्याची तार दातात धरून. हाक मारायची म्हणून तोंड उघडलं आणि समोरच्या टपरीवर जाऊन नको असलेला चहा प्यालो.

इकडे सगळं ठीक. फणस चिकार झालेत, हायवेची धूळ नेहमीसारखी. आपल्या उल्का मंडळाची बैठक जानेवारीपासून झाली नाही. पाच जणांचं मंडळ, त्यातले दोघे बोलत नाहीत. उरलेल्या तिघांनी काय एकमेकांना भट्टीतला लोखंडी मळ उल्का म्हणून दाखवत बसायचं?

एक काम होतं. मंडळाच्या कपाटात, म्हणजे तुझ्या घरी, माझा तो मोठा दगड आहे. तो चार दिवस हवा. फोटो काढायचे आहेत.

वरचं वाक्य खोडणार होतो. राहू दे. फोटो वगैरे काही काढायचे नाहीत.

माझं आजोळ तुला माहीत आहे, उमरठच्या वरच्या अंगाची वाडी, पाथरकोंड. एकोणीस घरं, सगळी म्हातारी माणसं, पोरं नालासोपाऱ्याला. कोंडाच्या डोक्यावरच्या डोंगराला भेग पडली आहे. मार्चमध्ये तिच्यात माझा हात जात होता, आता पाय गुडघ्यापर्यंत जातो. तहसील कचेरीची नोटीस आली की जून लागायच्या आत सगळ्यांनी खाली शाळेत यायचं. एकवीस सालचा जुलै, त्या दरडी, आपण दोघांनी पाहिल्या आहेत, तुला वेगळं काय सांगू. मुंबईची पोरं फोनवर ओरडून घसा कोरडा करतात. म्हातारी मंडळी नोटिशीला भीक घालत नाहीत. एकच उत्तर, "आईला इचारू."

आई म्हणजे उतरजाई, कोंडाची देवी. माझे रावजीमामा तिचे गुरव. येत्या रविवारी सकाळी कौल आहे. जास्वंदीच्या दोन कळ्या पाण्यात बुडवून देवीच्या दोन अंगांना चिकटवतात आणि मामा प्रश्न घालतात. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. त्या दोन कळ्यांवर एकोणीस घरं आहेत. त्यात मामा आणि तुळसामामीही आली, जिच्या हातची भाकरी खाऊन माझी सगळी मे महिन्याची सुट्टी जायची.

यात तुझ्या कपाटातल्या दगडाचा काय संबंध, असं तू विचारणार नाहीस. तुला बहुतेक जानेवारीतच कळलं होतं.

पुण्याच्या तुझ्या प्राध्यापकांनी दगड घासून, आम्ल लावून, खरी उल्का आहे म्हणून सांगितलं. सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. तेव्हापासून मंडळाच्या वहीत 'सापडल्याचं ठिकाण' ही जागा तू रिकामी ठेवली होतीस. मी आजोळच्या शेताचा बांध सांगितला होता. बांध दाखव म्हणालास की मी कधी लावणी, कधी कापणी पुढे करायचो. मग जानेवारीच्या त्या बैठकीत तू दगडाच्या एका खळग्यात नख घातलंस, बोटावरचं लाल चोळून पाहिलंस आणि म्हणालास, "भरत, गंज तेलकट नसतो."

मी सगळ्यांसमोर ओरडलो, "स्वतःला सापडली नाही म्हणून पोटात दुखतंय तुझ्या. तुला शेंदराचं काय कळणार?"

शेंदूर हा शब्द तोवर कोणी काढलाच नव्हता. बाकीच्यांच्या ते लक्षात आलं नाही. तू रुमालाने नख पुसलंस, दगड कपाटात ठेवलास आणि म्हणालास, "चहा घेऊन जा सगळ्यांनी."

तर तो शेंदूरच.

दोन वर्षांपूर्वी, शिमग्याच्या सुमाराला, देवीने खोळ टाकली. वर्षानुवर्षं चढलेल्या शेंदराचं जाड कवच एक दिवस आपसूक सुटून पडतं, त्याला खोळ टाकणं म्हणतात. मी सहज वर गेलो होतो. आत काळीकुळकुळीत, मळलेल्या पिठात अंगठे दाबावेत तशा खळग्यांची. आकार नारळाएवढा. मामांना ती उचलताना दोन्ही हात आणि कंबर लागत होती. सहा वर्षं आपण दोऱ्याला चुंबक बांधून तालुकाभर काळवथरी दगड तपासत हिंडलो, आणि ही माझ्या आजोळी बसलेली. लहानपणी मला सांगत, देवी डोंगराच्या उतारावर आहे म्हणून उतरजाई. त्या दिवशी मला नाव कळलं. ती उतरली होती, आभाळातून.

खोळ टाकल्यावर देवीला सावित्रीवर न्हायला नेतात. नेणाऱ्याने एकट्याने, अनवाणी जायचं, वाटेत बोलायचं नाही. कोणी न्यायचं ते कौलाने ठरतं. मी मामांना म्हटलं, माझं नाव घाला. कळ्या मीच तोडून आणल्या. डाव्या कळीच्या पोटात इयरफोनमधला चुंबक घातला, डाळीच्या दाण्याएवढा. लोखंडाच्या देवीला तो चिकटला तो चिकटलाच. उजवी कळी पडली. "भाच्याला होय बोलली," म्हणत मामांनी मला जवळ घेतलं.

नदीत तिच्या आकाराचा काळवथरी धोंडा मी आधीच हेरून ठेवला होता. तिला काठावर लपवून तो घेऊन वर गेलो. मामांनी तो हातात घेतला, जरा थांबले आणि म्हणाले, "न्हाली नि हलकी झाली." सगळ्यांनी हात जोडले. संध्याकाळपर्यंत धोंड्यावर शेंदूर चढला. मी तेव्हा मामीच्या हातचं जेवून, तृप्त होऊन खाली आलो, इनायत. हे लिहिताना मला माझीच शिसारी येते आहे.

आता रविवारी कौल 'होय' यायलाच हवा. माझ्याकडे चुंबक आहे, पण देवळात देवी नाही. परवा मामा पाण्याला गेल्यावर धोंड्याला चुंबक लावून पाहिला. धरत नाही, घसरून पडतो. म्हणून खरी हवी. मामा उठायच्या आत बदलून ठेवीन. एकदा लबाडी स्वतःसाठी केली, आता त्यांच्यासाठी करतो, असं मनाला समजावतो. मन काही ऐकत नाही. दुकानात हातातून स्क्रू पडतात. ढग आला की गिऱ्हाईक सोडून रस्त्यावर येतो आणि डोंगराकडे बघत उभा राहतो.

का केलं, ते विचारू नकोस. अभ्यासासाठी, असं मी स्वतःला सांगत आलो आहे. ते आज नको.

माझ्यावरचा राग ठेव. दगड तेवढा शनिवारपर्यंत दे.

शनिवारकडे डोळे लावून बसलेला,
भरत


पोलादपूर,
मंगळवार, २० मे २०२५

प्रिय इनायत,

सलाम. अम्मी नीट पोचल्या ना? शनिवारी त्या एसटीतून उतरताना दिसल्या आणि मी दुकान उघडं टाकून धावलो. पिशवीत वर कैऱ्या, खाली जुन्या ओढणीत गुंडाळलेली ती. म्हणाल्या, "इनायत येनार नाय. लय रागात हाय. पन बोलला, जिथली हाय तिथं पोचू दे. दोन वर्सं हिच्यावरची धूळ मी पुसते रे. जड बाई हाय." पाणीसुद्धा न पिता पुढच्या गाडीने परत गेल्या. कैऱ्या मात्र ठेवून गेल्या.

रविवारी उजाडताच मी देवळाशी पोचलो. मामा पायरीवर बसलेलेच होते. काही विचारलं नाही. पिशवी माझ्याकडून घेतली, तिच्या ओझ्याने त्यांचा हात खाली गेला आणि ते म्हणाले, "आली."

मी चपला काढून पायरीखाली उभा राहिलो.

"दोन वर्सं नदीचा धोंडा न्हानवतोय मी," मामा म्हणाले. "चाळीस वर्सं जिला उचलली, तिचं वजन माज्या हाताला कळत नाय वाटलं व्हय रे तुला?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर कोंडानं तुला फाडला असता. बहिनीचा पोर तू. वाटलं, आज ना उद्या आनशील. लय दिस लावलेस."

मी खिशातून चुंबक काढला. सगळं सांगितलं, पहिल्या कौलाचंही. म्हटलं, मामा, आजच्या दिवस लावा, माणसं वाचतील. त्यांनी तो दाणा तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिला आणि माझ्या हातात परत ठेवून माझी मूठ मिटली. "तिला खोटं बोलायला लावू नको."

"आणि नाही म्हणाली तर?"

"तर नाय."

मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. वर भेग आ वासून आहे आणि हा माणूस कळ्या पाण्यात बुडवतो आहे.

मामांनी धोंडा काढून तिला जागेवर बसवलं. लोक जमले. देवी शेंदराविना का, तर खोळ उतरवलीय, एवढंच मामांनी सांगितलं. मग दोन्ही कळ्या लावून त्यांनी प्रश्न घातला, "आई, आमी लेकरं खाली शाळंत जातो. तू हतं वर ऱ्हाऊन कोंड राखशील. हाय का कबूल?"

मिनिटभरात डावी पडली.

"नाय बोलली," सोनबा म्हणाला. तो कोंडातला सगळ्यात हट्टी म्हातारा. लोक कपडे झटकून उठायला लागले. कोणी तर चहाचं आधण ठेवायला निघालं. मी वाटेत आडवा उभा राहिलो आणि ओरडून सगळं सांगितलं. चुंबक, नदी, धोंडा, दोन वर्षं. या कौलावर विसंबू नका, मागचा मी खोटा पाडला होता, म्हटलं. वाटलं होतं, निदान गोंधळात तरी पडतील. सोनबा काठी उगारून आला. त्याची पहिली मला लागली, ती योग्यच होती. दुसरी तुळसामामीने धरली.

"थांब रे. मला इचारू दे," ती म्हणाली. "भरत, दोन वर्सं आई खाली व्हती?"

"होय."

"कुठं?"

"महाडला. इनायतच्या घरी, माडीवरच्या कपाटात."

"आनि हतं कोन व्हतं?"

"कोणी नाही. दगड."

मामी खाली बसली. मला वाटलं रडते की काय. पण ती विचार करत होती. "म्हंजी आमी हतं वर बसून ऱ्हायलो, आनि आई खाली जाऊन ऱ्हायली," ती म्हणाली. मग मामांकडे वळली. "तुमी आज इचारलं काय तिला? वर ऱ्हाऊन राखशील का, असंच ना? तर ती नाय बोलली. वर ऱ्हायला नाय बोलली ती. आपल्याला कुठं थांब बोलली?"

सोनबाने काठी खाली टेकवली. "तिलाच ऱ्हायाचं नाय तर आपन काय राखायचं हतं?" एवढं पुटपुटून तो घराकडे वळला, बांधाबांध करायला. मामांनी प्रश्न तसा का घातला, हे मी त्यांना विचारलेलं नाही. विचारण्याचं धाडसही नाही.

काल सगळे उतरले. गोधड्या, कोंबड्या, पितळेचे हंडे. मामा पुढे, डोक्यावर देवी, मान ताठ धरून. कोंडाने ठरवलं आहे की भरतने तिच्यासमोर उभं राहायचं नाही. किती वर्षं, ते सांगितलं नाही. मी रस्त्याच्या पलीकडे थांबून मोजले, एकोणीस घरांची एक्केचाळीस माणसं. मामीने एकदा माझ्याकडे पाहिलं, पण हाक मारली नाही.

डोंगर अजून उभा आहे. नाही पडला तर उगाच उतरवलं म्हणतील, आणि पडला तर काय म्हणतील ते मनात आणवत नाही. दर तासाला उठून बघतो. प्राध्यापकांना खरं ठिकाण मीच कळवतो. दगड पाहायचा असेल तर त्यांनी मामांना विचारावं.

नदीतला धोंडा मामांनी मला दिला. म्हणाले, "टाकू नको. दोन वर्सं लोकांनी काय काय सांगितलंय हिला. आता तू सांबाळ." तो दुकानात काउंटरवर आहे, शेंदरासकट. आज एक बाई मोबाईलची काच बदलायला आली आणि त्याला हात जोडून उभी राहिली. खरं सांगायचं म्हणून मी तोंड उघडलं, तर तिने डोळे मिटले होते.

आता ते राहिलेलं. अभ्यास वगैरे काही नव्हता. ओमानच्या मित्राने तुला बोराएवढी उल्का दिली होती. दर बैठकीला तू ती सगळ्यांच्या तळहातावर ठेवायचास, माझ्याही, आणि मी हसून परत द्यायचो. मला तुझ्यापेक्षा मोठी हवी होती. एवढंच.

त्या दिवशी पोटात दुखत होतं ते माझ्या, इनायत. मंडळातल्या तिघांनाही मी हे सांगणार आहे, पण आधी तुला.

तुझा अपराधी,
भरत