एल्डरक्रॉफ्टचं स्टिकर

लायमा, ओहायो
२६ एप्रिल

तीर्थरूप मर्टलमावशीस,

भाचा डेल याचा नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत, माझं ब्लडप्रेशर सोडून, आणि त्याचं कारण तू आहेस. तुझा गुडघा कसा आहे? कुत्र्याचं पोट सुधारलं का? (मनापासून विचारतोय. राग तुझ्यावर आहे, कुत्र्यावर नाही.) फोनवर मी मुद्द्यावर आलो की तुला नेमकं ऐकू येईनासं होतं, म्हणून पत्र.

ईस्टरच्या दिवशी मी आत हॅम कापत होतो आणि तू बाहेर जाऊन माझ्या ट्रकच्या मागच्या काचेवर तू शिकलीस त्या एल्डरक्रॉफ्ट कॉलेजचं स्टिकर चिकटवून आलीस. कुणाला विचारून? माझ्या कॉराने अजून कुठेच होकार कळवलेला नाही. पोरीला कॉम्प्युटर सायन्स शिकायचंय, दोन ठिकाणी प्रवेश मिळालाय, एक तुझं महागडं खाजगी एल्डरक्रॉफ्ट आणि दुसरं आपलं सरकारी विद्यापीठ, आणि एक मेपर्यंत ठरवायचंय. पण काचेवर ज्या कॉलेजचं स्टिकर तिथेच पोर जाणार, असं गावाने परस्पर ठरवूनही टाकलं. माझ्या गॅरेजला ब्रेकचे पार्ट देणारा लॉयड इतकी वर्षं मला सूट देत आला. त्याने काच पाहिली आणि म्हणाला, एल्डरक्रॉफ्टची फी भरणाऱ्याला सूट कशाला? तेव्हापासून पूर्ण भाव लावतोय मेला.

वर तू पोरीच्या डोक्यात भरवलंस की शिक्षणाचं कर्ज हे कर्जच नसतं. मग काय असतं, मावशी? वाढदिवसाची भेट? तुझ्या काळी उन्हाळाभर आइस्क्रीम विकून वर्षाची फी निघायची. आता आइस्क्रीमचं दुकान विकलं तरी एक सहामाही निघायची नाही. कुठल्या कॉलेजची पोरं किती कर्ज घेऊन बाहेर पडतात आणि पुढे किती कमावतात, हे सरकारने इंटरनेटवर मांडून ठेवलंय. मी बघितलं. दोन्हीकडची पोरं कमावतात जवळपास सारखंच, फरक महिन्याला दोन पिझ्झांचा. कर्ज मात्र सरकारी विद्यापीठात वीस हजार डॉलर आणि एल्डरक्रॉफ्टला नव्वद. सत्तर हजार डॉलरचे पिझ्झे कोण खातं?

तरी तुझ्या शब्दाखातर गेल्या शनिवारी तिला घेऊन एल्डरक्रॉफ्ट बघायला गेलो. तिथे आम्हा आईबापांच्या कळपाला एक तरुण पोरगा आमच्याकडे तोंड करून उलटा चालत फिरवत होता. (या लोकांना सरळ चालून काहीच दाखवता येत नाही का गं?) चढायची भिंत दाखवली, झोपाळे दाखवले, तणाव घालवायला पाळलेली बकरी दाखवली. बकरीचा खर्च कुणाच्या फीमधून, हे मी विचारलं नाही. माझ्या संयमाची कुणी दखलही घेतली नाही. मग प्रवेश विभागाच्या बाई म्हणाल्या की आम्ही नोकरदार घडवत नाही, आम्ही संपूर्ण माणूस घडवतो. इथे माझा तोल गेला.

"या संपूर्ण माणसाला पगार किती मिळतो," मी विचारलं, "आणि तो किती कर्ज घेऊन बाहेर पडतो?"

बाई हसत राहिल्या. उलटा चालणारा पोरगा माझ्याकडे बघता बघता ट्यूलिपच्या वाफ्यात आडवा झाला. त्याला मीच हात देऊन उठवला. कपडे झटकताना तो हळूच म्हणाला की मागच्या वर्षी त्याने इथूनच कॉम्प्युटरची पदवी घेतली. आणि आता नोकरी कसली, तर उलटं चालायची! मला त्याची दया आली आणि बाईंचा आणखी संताप आला. कॉरा मात्र लाजेने बकरीपाशी जाऊन उभी राहिली होती. परतीच्या दोन तासांत ती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही, आणि अजून बोलत नाही.

तेव्हा आता निमूट फोन उचल आणि तिला सांग की मावशीआजीचं चुकलं. तुझं ती ऐकते. पोरगी चाळिशीपर्यंत हप्ते फेडत बसली तर तुझ्या त्या स्टिकरला मी माफ करणार नाही.

तुझा,
गोळी घेऊन बसलेला
डेल

ता. क. पाकीट चिकटवणार, तोच कॉरा खाली आली. तिने सरकारी विद्यापीठाला होकार कळवून टाकलाय. म्हणाली, "बाबा, मला तुमचा भयंकर राग आला होता. मग लक्षात आलं, उत्तर कुणीच दिलं नाही." म्हणजे मी जिंकलो. तू फोन करायची गरज नाही.

ता. क. २. तुझी गरज आहे. एक तारखेला शाळेत सगळी पोरं आपापल्या कॉलेजचा स्वेटशर्ट घालून जातात आणि जिममध्ये एकत्र फोटो काढतात. मी कॉराला म्हटलं, चल, तुझा घेऊन येऊ. तिने फोनवर किंमत बघितली, पासष्ट डॉलर, आणि मला विचारलं, "याने पगार किती वाढतो, बाबा?" टोमणा नव्हता गं. खरंच विचारत होती. अठरा वर्षांची पोर! ती आता साध्या शर्टात जाणार आहे. मी गॅरेजमध्ये जाऊन बराच वेळ एकच ब्रेक घासत बसलो.

सोबत शंभर डॉलर ठेवलेत. तिच्या विद्यापीठाचा लाल स्वेटशर्ट घे, मीडियम, आणि तातडीच्या टपालाने तुझ्या नावाने पाठव. माझं नाव काढू नकोस. आणि किमतीचं लेबल आठवणीने कापून टाक.