टाकी पाचलाच भरते

दि. ११ फेब्रुवारी

ती. मामांस,

नमस्कार. मी इकडे बरा आहे. तुम्हीही बरे असाल, पण ते फार दिवस टिकायचं नाही, म्हणून हे पत्र.

फोनच केला असता, पण तुम्ही तो मध्येच आपटता. पत्र आपटलं तरी त्यातला मजकूर सांडत नाही. अक्षर वाकडं आहे, चालवून घ्या. शाळेत माझं लक्ष नव्हतं. जिचं होतं त्या ताईला तुम्ही नळावर उभं केलंत.

इथं मी पाण्याचे पाइप टाकायच्या कामावर आहे. आधीची चार कामं सोडली, हे टिकलं. चर खणायचा, पाइप उतरवायचा, सांधा जोडायचा. आमच्यावर एक इंजिनीअरबाई आहेत. डोक्यावर टोपी, हातात नकाशा, आणि आवाज असा की खड्ड्यातला माणूससुद्धा सरळ उभा राहतो. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी सहज विचारलं, "तुमच्याकडं पाणी कधी सुटतं रे?"

मी म्हटलं, "दहाला. टाकी भरायला वेळ लागतो ना."

"दहाला? टाकी आहे की समुद्र?"

सगळे हसले. मीपण हसलो. मग जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता फोन काढला.

आपल्या गावच्या पंपावरच्या काकांना लावला. त्यांच्याकडं रोजची वही असते. म्हणाले, "टाकी पाचलाच भरते की. पहिल्यापासून. तुझा मामा नऊपर्यंत घोरतो, त्याला मी काय करू?"

बारा वर्षं, मामा. बारा वर्षं टाकी काठोकाठ भरलेली, आणि खाली पन्नास बाया-पोरी रिकाम्या घागरी घेऊन उन्हात. तुम्ही खांद्यावर पाणी सोडायची ती लोखंडी चावी टाकून दहाला डुलत यायचात. कुणी कुरकुरलं तर म्हणायचात, "टाकी भरल्याशिवाय काय माझ्या तोंडातून सोडू?" बाया हसायच्या. पोरी हसायच्या नाहीत, कारण तिकडं शाळेची घंटा व्हायची. ताई साडेअकराला ओल्या परकरानं वर्गाच्या दाराशी उभी राहायची. तिच्याबरोबरच्या सगळ्या पोरी एकेक करून गळाल्या. मुलगा एकही गळाला नाही. सगळं तुमच्या झोपेपायी.

मी गप्प बसलो नाही. बाईंनी अर्ज कुठं करायचा ते सांगितलं, ताईनं तो लिहिला. तिचं अक्षर बघा एकदा, आरशात बघितल्यासारखी लाज वाटेल. पाणीपुरवठ्याच्या कचेरीनं पंपाची वही मागवली आणि पाणी सोडायचं काम ताईला दिलं. एक तारखेला त्यांचा माणूस येईल आणि तुम्ही सगळ्या रांगेसमोर चावी ताईच्या हातात द्याल. जड आहे, दोन्ही हातांनी द्या.

त्या दिवसापासून पाणी पहाटे साडेपाचला सुटेल, साडेसहाला बंद. मामींचे गुडघे गेलेत. ताईनं त्यांना सांगून ठेवलंय, "मामी, तुम्ही अजिबात उठायचं नाही." तुमचे दोन्ही चिरंजीव तुमच्यावरच गेलेत. म्हणजे घागर कोण उचलणार, हिशेब सोपा आहे. नाहीतर ओढ्याचं गढूळ पाणी आहेच. ते प्यायल्यावर काय होतं, आमच्या घराला विचारा.

मी ताईला म्हटलं, ते तोंडातून सोडायचं वाक्य तू त्यांना ऐकव. ती म्हणाली, "मी काही बोलणार नाही. वेळेवर सोडीन, वेळेवर बंद करीन." ऐकून माझ्याच अंगावर काटा आला.

आता एक राहिलं. तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं.

ताईच्या दहावीचा पहिला पेपर. त्या दिवशी नळावर मला पाठवलं होतं. रस्त्यात पोरांनी हाक मारली, "काय गं, पाण्याला निघालीस?" मी दोन्ही घागरी तिथंच ठेवल्या आणि त्यांच्याबरोबर खेळायला गेलो. घरी येऊन सांगितलं, मामांनी आज लवकर बंद केलं. मग आईनं ओढ्याचं पाणी आणलं. धाकटीला जुलाब लागले, पंधरा दिवस दवाखान्यात काढले, तिच्या उशाशी ताई बसली, आणि बाकीचे पेपर गेले. आई तुमच्या दारात येऊन नाही नाही ते बोलली. तुम्ही शपथ घेतलीत, कुणी मानली नाही. तेव्हापासून ती तुमच्याशी बोलत नाही.

त्या दिवशी तुम्ही पूर्ण तासभर पाणी सोडलं होतं. तो एक दिवस माझा. बाकीची बारा वर्षं तुमची, त्यातला एक तासही मी सोडणार नाही.

काल हे ताईला फोनवर सांगितलं. आईलाही सांग म्हटलं. ताईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "एक तारखेला ये. तुझ्या दोन घागरी राहिल्यात."

रजा काढली आहे. लवकर निजत जा.

रांगेत तुमच्या मागे उभा राहणारा,
तुमचा भाचा